रोट घरात, पाणी दारात

लिहा ताई, नाव लीलाबाई, पण तुम्ही आपलं लीलाक्काच म्हणा, लीलाबाई म्हणून विचारलं तं गावात कोणी माझं घर दाखवणार नाही. माहेर माझं पद्मालयाच्या अंगाला, वारा तिकडचा असला की देवळाची घंटा ऐकू यायची इतलं जवळ, आणि दिली मला इथं गिरणेच्या काठी, म्हणजे डोंगराची पोरगी पाण्यात दिली. आमचे हे जिनिंगमध्ये होते, कापसाच्या गाठी उचलू उचलू छाती गेली न मग तेही गेले, दोन्ही पोरं तेव्हा लहान. मग मी शाळेत लागले, पोरांची खिचडी शिजवायला, अठरा वर्षं शिजवली, गुडघा म्हणाला आता बस, तेव्हा बसले. मास्तरलोकांत राह्यले म्हणून तुमच्याशी असं शुद्ध बोलता येतं मला, पण राग आला ना की आपली अहिराणीच तोंडात येते, ते नका लिहू हां. लिहिलंत वाटतं. लिहा मग, लिहा.

मोठा सुरतला साड्यांच्या मार्केटात, लहाना पुण्याकडे कंपनीत. पोरं वाईट नाहीत ताई, मी त्यांना वाईट नाही म्हणणार. पण काय सांगू तुम्हाला, एकट्या माणसाचं घर कसं असतं, सकाळी जिथं वाटी ठेवली तिथंच संध्याकाळी असते, कोणी हलवतच नाही.

वर्षातून एकदा मात्र हलायची, पोरं यायची तेव्हा. कानबाईला. तुम्ही तिकडच्या, तुम्हाला कानबाई माहीत नसंल. आमची खान्देशची माय ती, श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी घरात बसते. नारळ असतो तिचा, त्याचं लग्न लावलेलं असतं, आणि तो नारळ सासूकडून सुनेकडं येतो, माझ्याकडं माझ्या सासूनं दिला. नथ घालायची, साडी नेसवायची, चौरंगावर बसवायची, आणि एकदा बसली की सोमवार उजाडेपर्यंत तिला हलवायचं नाही, मग वाजतगाजत नदीवर न्यायची. आणि रोट. घरात जितले पुरुषमाणसं तितल्या सव्वा सव्वा मुठी गहू मोजायचे, ते दळायचे, त्याच्या पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, आणि ते जेवण फक्त भावकीनं खायचं. बाहेरच्याला घास नाही. परणून गेलेल्या लेकीलाबी नाही. खरकटं पाणीसुद्धा बाहेर फेकायचं नाही, अंगणात खड्डा करायचा न त्यात ओतायचं. समोरची सुमन हसायची मला, म्हणायची वर्षातला हाच एक दिवस तुझ्या मोरीचं पाणी माझ्या दारात येत नाही.

सुमन म्हणजे भिल्लाची, माझ्याच वयाची, मजुरीला जायची, नवरा कधीचा गेलेला न पोरबाळ नाही. तीस वर्षं समोरासमोर आणि तीस वर्षं त्या मोरीवरून भांडण. दोघींची घरं गल्लीच्या शेवटाला, मागं बाभळी न मग नदी. मातीच्या भिंती, वर पत्रे.

मागच्या वर्षी कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी गहू मोजले. दोन पोरं न तीन नातू, पाच माणसांचे. मोजून झाले न मोठ्याचा फोन, माय पावसानं गाड्या बंद आहेत, जमणार नाही. मग लहान्याला लावला, त्याला सुट्टी नाही. बरं म्हटलं. पण मोजलेले गहू परत पोत्यात टाकता येत नाहीत ना ताई, म्हणून दळले, रविवारी पहाटे उठून पाच माणसांचा स्वयंपाक एकटीनं केला, देवी बसवली, नथ घातली, आणि तिच्यासमोर बसून राह्यले. पाच पुरुषांचं जेवण, न खाणारी मी एक. ताट वाढूनच घेतलं नाही मी.

दुपारी मोबाईल एकदम बोंबलला, असा कधी बोंबलला नव्हता, मी हातातून टाकूनच दिला. समुद्रावर वादळ उठलंय, ते आपल्याकडं सरकलंय म्हणे, वारा न पाऊस, आणि वरच्या धरणाचे दरवाजे उघडणार. मग रिक्षात भोंगा लावून पोलीस पाटील आले, नाना म्हणतो त्यांना आम्ही, काठावरच्या लोकांनी शाळेत चला, बठ्ठा लोक शाळामा चला. सगळी गल्ली उठली. कोणी गोधड्या, कोणी शेळ्या, कोणी गॅसचं सिलिंडर. नाना माझ्या दारात आले, अक्का चाल, पानी वाढी राह्यनं. मी म्हटलं नाना, माझा मोठा गाडी घेऊन निघालाय सुरतेहून, पारोळ्यापर्यंत आलाय, तो आला की आम्ही मायलेकरं देवीला घेऊन सोबतच येतो.

खोटं बोलले. धडधडीत खोटं, देवीसमोर बसून. न मोठ्याचा फोन आला तं त्याला सांगितलं, मी शाळेतच आहे रे, काळजी करू नको. दोन्हीकडून दार लावून घेतलं मी माझं.

का, विचाराल ना. तेव्हा मला वाटलं, देवी बसलेली आहे, हलवता येत नाही, रोट घराबाहेर नेता येत नाही, म्हणून मी जात नाही. लोकांना हेच सांगितलं असतं. पण खरं सांगू का ताई, शाळेत सगळं गाव जमलेलं, कानबाईचा दिवस, घरोघरची पोरं मुंबईहून, नाशिकहून आलेली, आणि मी एकटी पाच माणसांचा डबा घेऊन त्या व्हरांड्यात बसणार, जिथं अठरा वर्षं मी त्यांच्या पोरांना वाढलं. सगळ्यांनी विचारलं असतं, पोरं नाही आले का अक्का. त्याची लाज वाटली मला. पाण्याची भीती नाही वाटली, त्या विचारण्याची वाटली.

वारा असा सुटला की पत्रे उचलू उचलू आपटायला लागले. दार उघडून पाहते तं सुमन. माझ्या ओट्यावर, गाठोडं मांडीवर घेऊन, भिजून चिंब. म्हटलं तू काय करी राह्यनी अठे, गयी नई का? तं म्हणे, तुन्हा पोऱ्या येल नई, माले माहीत शे. गाडी येती तं माले पहिले दिखती. तू जास नई तं मी बी जास नई.

जा म्हटलं, ओरडले, शिव्या दिल्या, मोरीचं भांडण काढलं. ती हलली नाही. आत ये म्हटलं तं आतबी येईना, तुन्ही देवी बसेल शे, मी उंबरा ओलांडस नई. आणि मग मी मूर्खासारखं विचारलं, जेवलीस का? नाही म्हणे, चूल भिजली सकाळीच. एवढं बोलून तिनं तोंड नदीकडं फिरवलं. पुरणाचा वास तं ओट्यावर येतच होता. तिला माहीत होतं आत पाच माणसांचं जेवण आहे, तिला हेबी माहीत होतं की मी देऊ शकत नाही, म्हणून तिनं मागितलं नाही. उपाशी बाई माझ्या दारात पाण्याची वाट पाहत बसली होती ताई, माझ्यासाठी, आणि मी आत कोणाची वाट पाहत होते? पारोळ्यापर्यंत आलेल्या त्या गाडीची, जी मीच बनवली होती.

बाभळींच्या बुंध्याला पाणी लागलेलं दिसलं. तांबडं, फेसाचं.

तेव्हा मी उठले. देवीला हात जोडले, म्हटलं माय, तुला आज उठवते, शिक्षा द्यायची तं मला दे, माझ्या पोरांना देऊ नको. नारळ पदरात घेतला, पोटाशी बांधला, पोर बांधतात तसा. रोटाचा डबा उचलायला गेले तं गुडघा वाकंना. सुमन उंबऱ्यापर्यंत आली न थांबली. मी म्हटलं, ये आत, उचल. तिनं माझ्याकडं पाह्यलं, मग देवीच्या रिकाम्या चौरंगाकडं पाह्यलं, न आली. डबा डोक्यावर घेतला, एका हातानं मला धरलं, न पोटरीएवढ्या पाण्यातून आम्ही दोघी शाळेत गेलो. दिवेलागणीला माझ्या घराची मागची भिंत बसली, जिथं मी दिवसभर बसले होते तिथंच. नानांनी येऊन सांगितलं. सांगताना त्यांनी माझ्याकडं पाह्यलं नाही, गाडीचंबी विचारलं नाही. भला माणूस.

शाळेत मी माझ्याच जुन्या खिचडीच्या खोलीत बसले. नारळ समोर ठेवला, डबा उघडला, पोळी सुमनच्या हातावर ठेवली. ती मागं सरकली, मी कोठली तुन्ही भावकी? मी म्हटलं, मुकाट्यानं खा, नाही तं मोरीचं पाणी सोडीन. ती खाता खाता रडली, मीबी रडले, आणि त्या दिवशीचा पहिला घास तेव्हा माझ्या घशाखाली उतरला. सोमवारी देवीला नदीवर कुठं नेणार, नदीच मैदानापर्यंत आली होती, तिथंच नारळाला अंघोळ घातली.

मोठा चौथ्या दिवशी आला. पडलेली भिंत पाहून लहान पोरासारखा रडला, मला सुरतला घेऊन गेला. एक महिना राह्यले. तिसरा मजला, सगळे कामावर, तिथंबी वाटी कोणी हलवत नाही. परत आले. आता शाळेमागं ही भाड्याची खोली. सुमनचं घर तं पूर्णच गेलं, तिला तिच्या भाच्यानं धुळ्याच्या पलीकडं, साक्रीकडं नेलं. समोर आता दुसऱ्याची भिंत आहे. भांडायलाबी कोणी नाही, खरं सांगते, सगळ्यात जास्त तेच खुपतं.

या रविवारी कानबाई आहे. परवा गहू मोजायला बसले. पाच पुरुषांचे पाच वेळा मोजले. मग थांबले. बायांचं मोजत नाहीत आमच्यात, सासूनंबी कधी मोजलं नाही, तिच्या सासूनंबी नसंल. मी सव्वा मूठ माझी घेतली. मग सव्वा मूठ सुमनची घेतली. देवीला सांगून घेतली, चोरून नाही.

पोरांना फोन केला. मोठा म्हणे पाहू माय. लहाना म्हणे पाहतो, सुट्टीचं विचारतो. मग सुमनला लावला, म्हटलं तुझे रोट मोजलेत.  ती म्हणे, धुयाथीन एरंडोलनी यष्टी कितला वाजता शे?

एवढंच विचारलं तिनं. म्हणून मी आज गुडघ्याला फडकं बांधून एरंडोलच्या स्टँडवर गेले होते, धुळ्याहून येणाऱ्या गाड्यांची वेळ विचारून आले. पोरं जिथं आहेत तिथं सुखी राहोत, माझा आशीर्वाद आहे त्यांना, त्यांचेबी रोट मोजून ठेवलेत. आणि ताई, ती वेळ मी बोटांवर धरून आणलीय, तेवढी या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, सुमनला फोनवर नीट सांगावी लागंल.