तीन हिरवे

वहिनी : चहा कुठे ठेवू?

कॅप्टन : इथे नको. इथे इंजिनांचे खटके आहेत.

वहिनी : हे टेबल आहे. काल ह्याच्यावर मी भाजी निवडली.

कॅप्टन : काल टेबल होतं. आत्ता विमान आहे.

वहिनी : मग विमानात देतात तसाच देते. चष्म्या, तू तरी घे रे बाबा. ह्यांचं हे कॉकपिटच्या छापील कागदांचं विमान दोन वर्षं भिंतीला चिकटलंय, पण अजून स्वयंपाकघराच्या बाहेर काही गेलेलं नाही.

चष्म्या : द्या वहिनी. हातातच धरतो.

कॅप्टन : हातात कप घेऊन विमान उतरवणार आहेस?

चष्म्या : उतरवताय तुम्ही, सर. मी नुसता वाचणार.

कॅप्टन : नुसता वाचणार म्हणे. ह्या कंपनीत दोन वर्षं बिनपगारी घरी बसवलेल्यांत तुझ्याएवढा गारठलेला दुसरा नसेल. बोलावणं आलंय, आज पाचला हो की नाही ते कळवायचंय, सोमवारी सिम्युलेटरमध्ये परीक्षा आहे, आणि हा चहा फुंकतोय.

चष्म्या : मी अजून ठरवलेलं नाही, सर. म्हणजे, सासऱ्यांचं फरशीचं दुकान बरं चाललंय, आणि ते म्हणतात की हळूहळू तूच बघ सगळं, आणि खरं सांगायचं तर रात्री झोप लागते हल्ली.

कॅप्टन : झोप लागते. चाळीस टनांचं विमान वादळातून आणणारा माणूस आता मोरीला कुठली फरशी शोभेल ते सांगतो आणि झोपतो.

चष्म्या : तुम्ही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना रिव्हर्स घ्यायला शिकवता, सर.

वहिनी : बसलं ना बरोबर?

कॅप्टन : तू आपलं काम कर. चष्म्या, वाच. उतरण्यापूर्वीचं, पहिल्यापासून.

चष्म्या : एकदा झालं की सर. दोनदा झालं.

कॅप्टन : तिसऱ्यांदा होईल. वाच.

चष्म्या : बरं. पट्ट्याचा दिवा.

कॅप्टन : लावला.

चष्म्या : वेगरोधक.

कॅप्टन : तयार.

चष्म्या : चाकं.

कॅप्टन : खाली. तीन हिरवे. पुढचं.

चष्म्या : चाकं, सर.

कॅप्टन : सांगितलं ना. खाली, तीन हिरवे. बहिरा झालास का फरशा विकून?

चष्म्या : ऐकलं मी.

कॅप्टन : मग पुढे चल.

चष्म्या : पुढे नाही जाता येत. सर, जरा समोर बघा ना.

(कॅप्टन उठून भिंतीजवळ जातो. चाकं खाली आल्याचं दाखवणाऱ्या, कागदावर छापलेल्या तीन हिरव्या दिव्यांपैकी मधल्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलेली आहे.)

कॅप्टन : हे कुणी केलं?

चष्म्या : मी. मघाशी तुम्ही आत फोन चार्जिंगला लावायला गेलात तेव्हा.

कॅप्टन : माझ्या घरात येऊन, माझा चहा पिऊन, माझीच परीक्षा घेतोस?

वहिनी : चहा माझा आहे.

कॅप्टन : तुला माहीत होतं?

वहिनी : लावताना बघितलं मी.

कॅप्टन : आणि गप्प बसलीस.

वहिनी : एवढी काळी पट्टी. वाटलं, दिसेलच. म्हणून गप्प बसले.

कॅप्टन : हा कागद आहे. कागदावर दिवे लागत नाहीत आणि विझतही नाहीत, ते छापलेलेच हिरवे आहेत. त्यात बघायचं काय?

चष्म्या : तेच म्हणतोय मी. ते कायमचे हिरवे. रोज सकाळी आंघोळ झाली की तुम्ही इथे बसता, हात बरोबर जागी जातो, तोंडातून बरोबर शब्द येतो, आणि डोळे... म्हणजे डोळ्यांना ह्या कागदानं दोन वर्षं काही कामच दिलेलं नाही. बघायची सवय गेली, सर. म्हणायची राहिली.

कॅप्टन : दोन वर्षांपूर्वी माझ्याशी असं बोलायची हिंमत नव्हती तुझी.

चष्म्या : तुम्हीच शिकवलीत. पहिल्याच फेरीत माझ्या बोटांवर पेन मारलं होतंत. मी तीन हिरवे म्हणालो होतो, आणि तुम्ही विचारलंत, पाहिलंस की पाठ म्हणालास? मी म्हणालो, पाहिलं. खोटं बोललो होतो. तुम्हाला कळलं होतं. खाली उतरल्यावर तुम्ही सांगितलंत, उद्या मी जरी तीन हिरवे म्हणालो तरी विश्वास ठेवू नकोस, मान वर करून बघ.

कॅप्टन : ते आठवतं.

चष्म्या : मला रोज आठवतं.

कॅप्टन : ठीक आहे. चुकलं. सोमवारी सिम्युलेटरमध्ये खरे दिवे असतील. तिथे बघेन. संपला विषय. बस खाली.

चष्म्या : सोमवारी बघालच, सर. शेजारी परीक्षक असतो. परीक्षक असला की सगळेच बघतात. मंगळवारपासून काय?

कॅप्टन : मंगळवारपासून हळूहळू येईल परत.

चष्म्या : हळूहळू येईपर्यंत मागे माणसं बसलेली असतील.

कॅप्टन : मग काय करू? कळवू कंपनीला, की साहेब, मी भिंतीवर विमान उडवतो आणि मला पट्टी दिसत नाही?

चष्म्या : परीक्षेआधी सिम्युलेटरचे चार-पाच दिवस मागता येतात. बोलावण्यात लिहिलंय तसं.

कॅप्टन : त्याच्या खालची ओळ नाही वाचलीस. जो जास्तीचे दिवस मागेल त्याचं नाव ह्या तुकडीतून काढून पुढच्या तुकडीत. आणि पुढची तुकडी कधी? कुणाला माहीत नाही. असेल की नाही तेही माहीत नाही. माझं वय किती आहे, चष्म्या?

चष्म्या : माहीत आहे, सर.

कॅप्टन : सांग ना. पाठ म्हण.

वहिनी : त्याच्यावर कशाला चिडता?

कॅप्टन : मग कुणावर चिडू? तुझ्यावर? तू बोल. तुझ्या पगारावर घर चाललंय, तुझा हक्क आहे. जाऊ की नको?

वहिनी : खरं सांगू?

कॅप्टन : नाही, खोटं सांग.

वहिनी : तुम्ही जावं असंच मला वाटतं. मनापासून. घरात तुम्ही मलाच हुकूम सोडता. फ्रिजचं दार लावलं की "लावलं" असं मोठ्यानं म्हणायला लावता. गॅस बंद केला की "बंद" म्हणायचं. दोन वर्षं म्हणतेय मी. परवा शाळेतल्या कपाटाला कुलूप घातलं आणि बायकांसमोर "घातलं" म्हणाले. हसल्या सगळ्या.

चष्म्या : माझी बायकोसुद्धा म्हणते.

वहिनी : पण मी एक शिकले त्यातून. गेल्या मंगळवारी सकाळी "बंद" म्हणाले, आणि गॅस चालूच होता. दूध उतू गेलं ते म्हणूनच. तुम्हाला सांगितलं नाही.

कॅप्टन : का नाही सांगितलं?

वहिनी : तुम्ही विचारलंत, बंद? मी म्हणाले, बंद. तुमचं समाधान झालं. तुम्ही कुठे वळून बघितलंत?

कॅप्टन : म्हणजे ह्या घरात दोघंही पाठ म्हणतोय.

चष्म्या : दोघं नाही. तिघं.

कॅप्टन : म्हणजे?

चष्म्या : मागच्या रविवारी मी डावीकडे, तुमच्या जागी बसलो होतो आणि तुम्ही वाचत होतात. आठवतं? मी तीन हिरवे म्हणालो. घरी जाताना सिग्नलला थांबलो, तेव्हा लक्षात आलं की मी त्या वेळी खिडकीतून तुमच्या शेजाऱ्यांची वाळत घातलेली चादर बघत होतो. फरशीच्या दुकानाचं वगैरे सगळं खरं आहे, सर, पण नाही म्हणायचं मनात आलं ते तिथे, त्या सिग्नलला. आज पट्टी लावली ती तुम्हाला पकडायला नव्हती. मला वाटलं, तुम्हाला दिसली तर मी समजेन की माझंच काहीतरी बिघडलंय. तुम्ही गेलात तर मी तुमच्या शेजारी बसून पुन्हा शिकेन.

कॅप्टन : आणि मला दिसली नाही.

चष्म्या : नाही दिसली.

वहिनी : चहा गार झाला तुमचा. दुसरा करू?

कॅप्टन : किती वाजले?

वहिनी : साडेचार होऊन गेले.

कॅप्टन : माझा फोन आण आतून.

वहिनी : विचार करून बोला.

कॅप्टन : दोन वर्षं विचारच करतोय. आण.

वहिनी : हा घ्या.

कॅप्टन : नमस्कार. हो, मीच. उत्तर कळवायला फोन केला. हो, यायचंय. यायचंय हो, त्यात शंका नाही. नाही, सोमवारी परीक्षेला बसणार नाही. तब्येत उत्तम आहे. मला आधी सिम्युलेटरचे जास्तीचे दिवस हवेत. कारण? कारण मी न बघता उत्तरं देतोय. हो, तसंच लिहा, माझ्याच शब्दांत. नियम वाचलाय मी. पुढच्या तुकडीत घाला. नसेल तर? नसेल तर नसेल. बरं. ठेवतो.

वहिनी : काय म्हणाले?

कॅप्टन : म्हणाले, आजपर्यंत असं कारण कुणी दिलं नव्हतं. नाव पुढच्या यादीत घालतील. यादी कधी लागेल ते सांगता येत नाही.

वहिनी : आणि नाहीच लागली तर?

कॅप्टन : तर तू "लावलं" म्हणत राहा, मी वळून बघत जाईन.

चष्म्या : सर, माझंही तसंच कळवा ना. पुन्हा एकदा फोन लावून.

कॅप्टन : मी का कळवू? माझं ऐकून मान डोलावणार असशील तर फरशा विक. तुझं तू बघ, तुझं तू सांग. हा घे फोन. पाच वाजायचेत अजून.

चष्म्या : नाही म्हणालो तर?

कॅप्टन : तर घरी बसून पुढची फरशी मी तुझ्याकडून घेईन. ह्या टेबलाखालची तडकलीच आहे. पण जे म्हणशील ते बघून म्हण.

चष्म्या : नमस्कार. मी बोलतोय, त्यांचा को-पायलट. हो, आत्ता त्यांचा फोन आला होता तेच. हो, मलाही यायचंय. आणि मलाही सोमवार नको. कारण? तेच लिहा. नाही साहेब, त्यांनी सांगितलं म्हणून नाही.

वहिनी : झालं? दोघांचंही? आता ती पट्टी काढते मी. भिंतीचा रंग निघायच्या आत.

कॅप्टन : राहू दे. चष्म्या, बस. वाच.

चष्म्या : चाकं.

कॅप्टन : थांब. बघतोय.