घरच्या सहा कोंबड्या

पाण्यात अँटिबायोटिकची पावडर कालवली की पिलं दोन दिवस आधी वजनावर येत. पोल्ट्रीवाल्याचा फायदा तेवढाच, दर बॅचला दोन दिवस. बायकोच्या बोटाची जखम मात्र महिना झाला तरी भरत नव्हती. आता तो मोठ्या मेहुणीसोबत दवाखान्यातल्या बाकावर बसला होता. रिपोर्टच्या खिडकीतला कारकून शिक्के मारत होता, कान बाकाकडे.

“तीन औषधं लागू पडली नाहीत म्हणे, भाऊजी. तिनं तर जन्मात कधी गोळी घेतली नव्हती.”

“एकेकाचं शरीर असतं, ताई.”

“बोट कशानं कापलं?”

“शेडची जाळी लागली. विष्ठा उपसत होती.”

“पाण्यात पावडर कोण कालवतं?”

“तीच. तिचा हात मापात असतो.”

“आजारी पिलांपुरती?”

“सगळ्यांनाच. आजारी पडायची वाट कशाला बघायची?”

“मग परसातल्या सहा कोंबड्यांचं खुराडं वेगळं का?”

“तुम्ही पोलिसात होता का पूर्वी?”

“मी विचारलं ते सांगा.”

“त्या घरच्यासाठी आहेत.”

“त्यांना पावडर?”

“नाही देत.”

“का?”

“आपल्याला खायच्या असतात ना, ताई.”

कारकुनानं जखमेतल्या जंतूंचा रिपोर्ट पुढे सरकवला.

“लागू न पडणाऱ्या औषधांत पहिलं नाव कुठलं, भाऊजी? मोठ्यानं वाचा.”

“आपल्या पावडरच्या डब्यावरचंच आहे.”

“आणि खाली डॉक्टरांनी काय लिहिलंय?”

“बोट काढावं लागेल म्हणतात.”

बायकोचा उजवा हात बांधलेला, म्हणून संमतीपत्रावर सही त्यानं केली. घरच्या सहाही कोंबड्या ठणठणीत होत्या. कारकुनानं जेवणाचा डबा उघडला, आतली कोंबडी पाहिली आणि झाकण परत लावलं. बोट संध्याकाळी गेलं, तिचं.