इंजिन आणि शेवटची घागर

पोरीला सारखं "अर्धाच ग्लास, सांडू नको" म्हणणारी मी कसली आई, या काळजीनं माझी झोप उडाली होती. लातूर नवा जिल्हा झाला, तरी त्या दुष्काळात पाणी टँकरचंच.

त्यातच ह्यांनी अंगणात जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन खोलून पुन्हा जोडलं. ते पहिल्यांदा सुरू झालं, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि खालून पाण्याची धार लागली. रेडिएटर रिकामा!

ह्यांनी इंजिन बंद केलं. "पाइपची पट्टी सैल राहिली गं. आवळतो. थोडं थंड झालं की अजून एक घागर दे."

"शेवटचीच आहे. पोरीला काय पाजू?"

पोर आत गेली आणि तिच्या वाटणीचा अर्धा ग्लास घेऊन बापापुढे उभी राहिली. मला वाटलं, चला, आपलं फारसं चुकलं नाही.

तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, अर्धाच हं! परत सांडलं तर टँकर येईपर्यंत तसंच बसायचं."