मागच्या डाव्या चाकाचा पाइप

मी, तक्रारदारांची बायको आणि ज्याच्यावर तक्रार आहे त्याची आई, वय एकसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार तक्रारदारांच्याच घरात, विचारल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की, गाडीच्या ब्रेकचा पाइप माझ्या मुलानेच कापला. कापताना उजेडाला बॅटरी मी धरली होती. पण त्याला बापाचा जीव घ्यायचा होता असं जे लिहून दिलंय, ते साफ खोटं आहे.

आमची गाडी तीस वर्षांची आहे. ह्यांचा तिच्यावर भारी जीव. मागे मुलगा सहज बोलून गेला, "बाबा, आता भंगारात द्या." त्यावर ह्यांनी त्याला घराबाहेरचा रस्ता दाखवला. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. बाप तसा बेटा. मधल्यामध्ये माझं मरण.

गेल्या आठवड्यात मागच्या डाव्या चाकापाशी फरशीवर तेल दिसलं. विचारलं तर म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?" पण रोज पाना घेऊन गाडीखाली शिरायचे आणि चरफडत बाहेर यायचे. ब्रेकच्या पाइपाचा नट गंजून बसला होता. ओढून ओढून त्याचे कोपरे ह्यांनी पार गुळगुळीत करून ठेवले. मेकॅनिकला हात लावू देतील तर शपथ! आणि गाडी तशीच चालवत होते. माझ्या जिवाला घोर लागला, म्हणून मी मुलाला फोन केला.

आज सकाळी हे दात दाखवायला गेले, तेव्हा तो आला. त्याने नटावर तेल सोडलं, हातोडीने ठोकलं, तापवूनही बघितलं. नट ढिम्म हलेना. मग म्हणाला, "आई, पाइप कापावा लागेल." मी म्हटलं, "अरे, भलतंच काय?" तेव्हा त्याने समजावलं, की पाइप नटातून आरपार गेलेला असतो, तो आडवा येतो म्हणून टोपीसारखा बसणारा गोटी पाना नटावर बसत नाही. पाइप कापला की बसतो आणि सगळ्या बाजूंनी धरतो. पाइप सडलेला होताच, नवा घालायचाच होता.

पाइप कापल्यावर गाडी जॅकवर सोडून जाणं बरं नव्हे, म्हणून त्याने चाक परत चढवलं. किल्ली मला दिली. म्हणाला, "मी नवा पाइप करून आणेपर्यंत बाबांना देऊ नकोस. आणि मी आलो होतो हे सांगू नकोस, नाहीतर हट्टाने नवा पाइपही उपटून टाकतील."

किल्ली मी बटणांच्या डब्यात टाकली. हे आल्यावर सांगितलं, सापडत नाही. हे नुसतं "बरं" म्हणाले. तिथेच मला शंका यायला हवी होती, कारण माझं इतक्या सहजी ह्यांनी कधी ऐकलेलं नाही. दुसरी किल्ली चष्म्याच्या डबीत असते, हे चाळीस वर्षं संसार करूनही मला ठाऊक नव्हतं. मी गिऱ्हाइकाचे कपडे द्यायला गेले नि ह्यांनी गाडी काढली. दारापासून उतार आहे. गाडी समोरच्या लाँड्रीच्या भिंतीवर आदळली. आणखी कुणाला लागलं नाही. ह्यांच्या कपाळाला टाके पडले.

गाडी ओढायला आलेल्या माणसाने ह्यांना सांगितलं, की पाइप करवतीने कापलाय. टाके घालून झाल्यावर हे औषध आणतो म्हणून गेले, ते परस्पर ठाण्यात आले आणि जुनं भांडण मनात धरून मुलाचं नाव दिलं. मला वाटलं होतं, घरी गेल्यावर निवांत सांगू. घाबरून मुलाला कळवायचंही सुचलं नाही. तो संध्याकाळी दारात आला, तो शिपायांच्याच हातात सापडला. तेव्हा त्याच्याकडे नवा पाइप होता, तो आपण जप्त केला आहे. बापाला मारायचं असतं तर पाइप कशाला करून आणला असता? मी इथे येऊन ह्यांना सांगायला गेले, तर म्हणाले, "तू मुलाचीच बाजू घेणार." ह्यांना ऐकू कमी येतं. माझं तर मुळीच येत नाही.

माझी कुणाविरुद्ध तक्रार आहे का, असं विचारलं. आहे, दोघांविरुद्ध. ती मी घरी बघून घेईन. आत्ता मुलाला सोडा, एवढंच म्हणणं आहे.

हा जबाब माझ्या विनंतीवरून दार उघडं ठेवून मोठ्याने वाचण्यात आला, कारण हे बाहेर बाकावर बसले होते. मुलगा आतल्या खोलीत होता. वाचून झाल्यावर हे बाकावरून उठले. मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "निघाला का रे तो नट?"

मुलगा म्हणाला, "निघाला, बाबा."

हेही लिहून घ्या, असं मी साहेबांना सांगितलं. त्यासकट सगळं माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करते.