हद्द म्हणजे हद्द

नाही, पण मी म्हणते, वीतभर जागेसाठी माणूस कुणाच्या न्हाणीघराच्या आड येतो का हो? तुम्हीच सांगा. देवळाची भिंत असती, धर्मशाळेची असती, तर मी एक वेळ समजले असते, पण न्हाणीघर... एक दार, कोपऱ्यात मोरी, वर पत्रा, आणि त्याच्यापायी आमच्या ह्यांनी असं काही रण माजवलं की तुम्हाला सांगते, अजून मी मुलुंडच्या बाजारात गेले की भाजीवाली कोथिंबिरीची जुडी हातात देता देता विचारते, झाली का वहिनी मोजणी? झाली बाई. मोजणी झाली, आणि हद्दही झाली.

हे म्हणजे आमचे यजमान. नाव मी घेत नाही, उखाण्याशिवाय घ्यायची सवय नाही, फाटकावरच्या पाटीवर श्यामसुंदर गणेश राजाध्यक्ष असं लिहिलंय ते वाचा. फोर्टातल्या एका ऑफिसात हेडक्लार्क. माणूस वाईट नाही हो! विडी नाही, पत्ते नाहीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण एक खोड आहे, सगळं सरळ लागतं. चपला काढतील त्या टाचेला टाच लावून. पानात चटणी सरकून कोशिंबिरीला लागली की घास हातात तसाच, आणि मग ऐका... "पद्मजा, चटणीला चटणीची जागा असते. हद्द म्हणजे हद्द." आता चटणीला कळतं का ते?

तर अशा माणसाच्या हातात देवानं कुंपण दिलं! आम्ही इथं राहायला आलो तेव्हा शेजारचा प्लॉट मोकळाच, नुसतं गवत आणि बकऱ्या. ह्यांनी मधल्या हद्दीवर दोरी धरून कोयनेल लावली, आणि तेव्हापासून दर रविवारी, जग दाढी करतं तेव्हा हे कोयनेलची दाढी करायचे. लेंगा, बनियन, डोक्याला पंचा, हातात ती मोठी कात्री आणि कच कच कच... आमच्या बाजूनं कोयनेल अशी की हात फिरवावा. खालची जुनी खोडं वाळली की मुळासकट उपटून बंबात. एवढी जागा मोकळी व्हायला लागली की मीच म्हटलं, इथं तुळशीवृंदावन बांधू, आणि बांधलंही. मला काय ठाऊक ती जागा कुठून येत होती?

पलीकडची बाजू कोण कापणार? तिथं माणूसच नव्हता, आणि आला तो गुणाजी परब. मालवणकडचे, सारा जन्म परळच्या गिरणीत गेला, आता थकले म्हणून इथं दोन खोल्या बांधून राहिलेले. मऊ माणूस हो. फणस आला की पहिला आमच्या ओट्यावर. पण ह्यांचं आपलं एकच, हा माणूस कुंपण कापत नाही. हे कात्री उंचावून सांगायचे, परब, तुमची बाजू माजलीय, आणि ते हसून म्हणायचे, "वाढांदे ओ सायबा, हिरवा आसा." हिरवा आसा! ह्यांना त्या रात्री झोप नाही.

मग यंदा कळलं, मालन येणार. मालन म्हणजे गुणाजींची एकुलती एक लेक, पहिलं बाळंतपण, माहेरीच व्हायचं. आणि परबांकडे अंघोळीची सोय काय, तर मागच्या दारी एक दगड आणि भोवती गोणपाट. गुणाजींना चालतं, पण पोटुशी पोर गोणपाटाआड कशी बसायची? म्हणून हे न्हाणीघर. घर आणि हद्द ह्यांच्यामध्ये जेमतेम तेवढीच पट्टी होती त्यांना. सिमेंटला परमिट, परमिटला खेटे, कशीबशी पोती मिळाली, गवंडी आला, त्यानं नकाशा बघून पहिली खुंटी ठोकली... आणि ठोकली कुठे, तर कोयनेलच्या अलीकडे. आमच्या अंगणात!

संध्याकाळी हे ऑफिसातून आले, बगलेत छत्री, हातात डबा, आणि चपलांसकट तरातरा अंगणात गेले. चपलांसकट! मी तेव्हाच म्हटलं, आता वाट लागली. गवंडी सांगतोय, नकाशाप्रमाणंच आहे साहेब. हे म्हणताहेत, नकाशा मला दाखवू नकोस, कुंपण मी लावलंय. गुणाजी म्हणताहेत, बसून बोलू. बसायचंय काय त्यात, हद्द म्हणजे हद्द, असं म्हणून ह्यांनी ती खुंटी हलवून हलवून उपटली आणि घरात आणून कपाटात ठेवली, माझ्या पैठणीशेजारी, पुरावा म्हणून. सकाळी म्युनिसिपालिटीत अर्ज. अर्ज लिहिण्यात ह्यांचा हात कोण धरणार? परबांचं काम बंद.

आणि काम बंद पडलेलं असतानाच मालन आली.

इथं मला जरा हळू बोलू द्या. रोज सकाळी हे व्हरांड्यात पेपर वाचत बसतात, तिथून परबांचं मागचं दार दिसतं. वारा सुटला होता, आणि ती पोर एका हातानं गोणपाट धरून दुसऱ्या हातानं अंगावर पाणी घेत होती, वाकता येत नव्हतं तिला. ह्यांनी पेपरावरून वर बघितलं आणि लगेच मान खाली घातली. मग उठले, खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. दुसऱ्या दिवशीही भिंतीकडे. मी विचारलं, असं का हो, तर म्हणे, इकडून उजेड चांगला येतो. भिंतीतून उजेड! लाज वाटत होती हो त्यांना, मला का कळत नव्हतं? पेपर एकाच पानावर, चहाला साय आलेली. पण अर्ज गेला होता, तोंडातून शब्द गेला होता, आता मागं कसं फिरायचं, ह्यात माणूस आतल्या आत किडत होता.

तिकडे परबांच्या ओटीवर सिमेंटची पोती दमट हवेनं दगड होत चाललेली. मी म्हटलं, अहो, घ्या तो अर्ज मागे, पोरीकडे तरी बघा. तर पोरीचं नाव काढल्याबरोबर चिडले, आणि चिडून गेले ते वाण्याच्या दुकानात, आणि तिथं चारचौघांत छातीवर हात मारून म्हणाले, "मोजणीच होऊ दे. चूक ज्याची निघेल त्यानं आपलं जे असेल ते स्वतःच्या हातानं पाडायचं." आता गरज होती का?

मोजणीदार आले त्या दिवशी ह्यांनी रजा टाकली. अंगणात खुर्च्या, माझ्याकडून पोहे, आळीतली झाडून सगळी माणसं हजर, जणू आमच्याकडे मुंजच! रस्त्याकडच्या दगडापासून मागच्या नाल्याकडच्या दगडापर्यंत साखळी ताणली. साखळी आली कोयनेलच्या अलीकडे, आणखी अलीकडे, आणि तुम्हाला सांगते, येऊन टेकली ती माझ्या तुळशीवृंदावनावर. अगदी मधोमध! हे म्हणाले, साखळी वाकडी धरलीय. पुन्हा धरली. पुन्हा तुळस. मोजणीदारांनी खुंटी मागितली, तर ह्यांनीच आतून ती पुराव्याची आणून दिली, आणि ती खुंटी, काय सांगू, गवंड्यानं ठोकलेल्या पहिल्याच भोकात जाऊन बसली.

मोजणीदारांनी कोयनेलकडे बघितलं आणि विचारलं, हे कुंपण कापतं कोण? आणि आमचे हे, अजूनही कळलं नव्हतं हो त्यांना, ताठ उभे राहून म्हणाले, "मी. एक रविवार चुकलेला नाही. त्यांच्या बाजूला मात्र आजवर कात्री लागलेली नाही, लिहून घ्या."

"तरीच," मोजणीदार म्हणाले. "कोयनेलची फांदी जमिनीला टेकली की मूळ धरते. तुम्ही इकडून कापत गेलात, ती तिकडे चालत गेली. आणि तुम्ही तिच्या मागोमाग."

ह्यांचा चेहरा मला बघवेना. इतकी वर्षं माणूस दर रविवारी घाम गाळून, ओळीत, सरळ रेषेत, शेजाऱ्याची जमीन खात होता, आणि वर त्यालाच बोल लावत होता! मग हे हळूच गेले, गवंड्याची पहार उचलली आणि तुळशीसमोर येऊन उभे राहिले. शब्द दिला होता ना दुकानात. पहार वर गेली, आणि वरच राहिली. मी पदर तोंडाला लावला. तुळस माझी, पण जमीन कुठे माझी होती?

गुणाजींनी मागून येऊन पहार धरली. "तुळस हलवची नाय, सायबा," ते म्हणाले. "माजीच भित वळवतंय. भित वाकडी असली म्हणान आंघोळ काय वाकडी होता?"

सगळे हसले. हे हसले नाहीत. गुणाजींनी शिव्या दिल्या असत्या ना, तर ह्यांनी उलट अर्ज तरी केला असता, पण ह्याच्यावर काय करणार? त्याच दिवशी जाऊन आपला अर्ज मागे घेतला, आणि दगड झालेल्या सिमेंटऐवजी नवं परमिट मिळवायला ह्यांनीच खेटे घातले. न्हाणीघर झालं, मालनचे दिवस भरायच्या आत झालं. पण भिंत तुळशीला वळसा घालून गेली, आणि त्या वळशाचा कोपरा गेला न्हाणीच्या आत. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या म्हातारीचं कोपर रोज सकाळी त्याच्यावर आपटतं आणि रोज ती ओरडते, कोणा मेल्यान हो कोपरो काडल्यान! आमच्या व्हरांड्यात सगळं ऐकू येतं. हे पेपर खाली ठेवतात आणि अगदी शांतपणे ऐकून घेतात, जेवणाआधीचा श्लोक असावा तसं.

परवा बारसं झालं. आम्हाला बोलावणं होतं, गेलो. ह्यांनी दारात चपला काढल्या, आणि तुम्हाला सांगते, एक इकडे एक तिकडे. मालनच्या सासरचे कुणी पाहुणे हात धुऊन आले आणि ह्यांनाच विचारतात, काय हो, घर एवढं नीटस, मग ती भिंत तिथंच अशी आत का वळली? एरवी एका प्रश्नाला तीन पानी उत्तर देणारा माणूस. गुणाजी मध्ये पडणार होते, ह्यांनी त्यांना हातानंच थांबवलं, आणि खाली बघत म्हणाले, "तिथं माझी हद्द झाली."