मिरचीचा हात

मी मूळची धानोऱ्याची, म्हणजे माहेर तिकडचं, नी लग्न होऊन आली ती इथं नंदुरबारात, तेव्हापासून याच वस्तीत आहे. आमचे मालक बाजारात हमाली करतात, पोती उचलतात, नी मी पथारीवर जाते. पथारी म्हणजे मिरची वाळवायची मोकळी जागा, तुम्ही बसमधून पाहिली असेल ताई, लांबपर्यंत लालच लाल, लोक गाडी थांबवून फोटो काढतात. आम्ही तिथं बाया रांगेनं बसतो, तोंडाला फडकं बांधून, नी मिरचीचे देठ खुडतो, दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं ते होळीपर्यंत चालतं. दिवसभर कोणी ना कोणी शिंकतच असते, एक शिंकली की दुसरी शिंकते, नी मंग आम्ही हसतो, हसलं की तोंडात मिरची जाते, मंग पुन्हा शिंका. मी तुमच्याशी शुद्ध बोलायचं बघते आहे, घरात आम्ही अहिराणीच बोलतो, मधेच निघून गेलं तं समजून घ्या.

तं हाताचं सांगते. शिंक थांबते, डोळ्याचं पाणी थांबतं, पण हाताची आग काही थांबत नाही. ताकानं धुवा, तेल चोळा, कणीक चोळा, सगळं करून झालं आहे माझं. थोडं निवल्यासारखं वाटतं, नी मंग ऊन पाण्यात हात घातला की पुन्हा पेटतो. हातमोजेही घालून पाहिले, देठ बोटाला लागत नाही, काम होत नाही, नी मोज्यात मिरची शिरली तं विचारूच नका. आता मोठ्या माणसाचं ठीक आहे, सोसता येतं, पण लेकुरवाळ्या बाईनं काय करायचं? मी पहिल्यांदा अंगावरचं बाळ घरी ठेवून पथारीवर बसली ना, तेव्हा आमच्या रांगेतली निंबाबाई, जुनी बाई आहे, तिनं पहिल्याच दिवशी मला सांगितलं, हात बाळना तोंडले नको लावजो व माय, डोळाले तं मुळीच नको. सगळ्याच बायांचं असं असतं. पथारी सुरू असेतो आमची पोरं दुसऱ्याच्या हाताने वाढतात, कोणाची सासूच्या, कोणाची जावेच्या. माझी गुड्डी तिच्या बहिणीच्या हाताने वाढली.

मला दोन पोरी. मोठी रेखा, ती झाली तेव्हा मी पथारीवर जात नव्हती, तिचं न्हाऊमाखू, काजळ, पावडर, सगळं मी माझ्या हातानं केलं. मंग मधे बरीच वर्षं काही नाही, आम्ही आस सोडली होती, नी मंग गुड्डी झाली, तोवर रेखा सहावीत. सासू नव्हती तेव्हा, वारली होती. मंग काय, शाळा सुटेतो शेजारीण बघायची, नी रेखा शाळेतून आली की दप्तर टाकायची नी बाळ घ्यायची. मी घरी आली की अंगणातच लुगडं बदलायची, हात धुवायची, हाताला जुनं फडकं गुंडाळायची, तेव्हा कुठं पाजायला घ्यायची. थोपटायचं तं कोपरानं. हसू नका, खरंच, कोपरानं थोपटायची मी तिला. तिला दात आले ते रेखानं बोट घालून पाहिलं, मला म्हणाली, आई, खाले कणी लागी ऱ्हायनी, म्हणजे खाली दाताची कणी लागते आहे. पहिलं पाऊल टाकलं ते रेखाकडे. मी समोरच बसलेली होती, दोघींच्या मधेच म्हणा ना, पण हात पुढे केला नाही, तं ती माझ्या बाजूने पुढे निघून गेली. मला तिनं आई पहिल्यांदा कधी म्हटलं ते काही आठवत नाही, पण मिरची पहिल्यांदा म्हटलेलं आठवतं. मी जवळ गेली तं दोन्ही हात मागे लपवले नी म्हणाली, आई, मिच्ची.

बरं, पावसाळ्यात हात चांगले असतात ना, मी तेव्हा निंदणीला जाते, हाताला नुसती माती. पण लहान पोराला काय समजतं, पावसाळा काय नी पथारी काय. मी घास पुढे केला की आधी नाक लावून हुंगायची. वेणी घालायला बसवली तं म्हणे, तू नको, ताईले धाड. निंबाबाई मला चिडवायची, तुन्ही पोर तुले मावशी म्हणी एक दिन. मी पण हसायची तिच्यासंगे, रांगेत बसून रडणार कुठं, नी रडलं तं डोळे पुसणार कशानं?

तं यंदा काय झालं, रेखाचा नर्सिंगला नंबर लागला, धुळ्याला, होस्टेलवर राहायचं. आमच्या वस्तीतून नर्सिंगला जाणारी पहिलीच. मालक बाजारात सगळ्यांना सांगून आले, पेढे वाटले, नी मी, काय सांगू तुम्हाला, मला आनंदाच्या आधी भीती वाटली.  जेवू कोण घालेल गुड्डीला, शाळेत जाताना रिबीन कोण बांधेल, ताप आला तं औषध कोणाच्या हातून घेईल, आता पहिलीत आहे ती. नी नेमकी पथारी सुरू झालेली. रेखाला ते समजत होतं. ती मला बघायची, मी गुड्डीला बघायची, नी गुड्डी तिच्या ताईच्या ओढणीत बोट अडकवून बसलेली. एक दिवस ताट वाढताना रेखा म्हणाली, मी नही जात यंदा, हाई पोरगी उपाशी मरी जाई. पुढच्या वर्षी बघू.

ताई, मला पुढचं वर्ष माहीत आहे. माझी मावसबहीण पण अशीच पुढच्या वर्षी शिकणार होती, ती आज माझ्या शेजारी देठ खुडते. मी म्हटलं, तू जाशील. ती म्हणे, नही. मालक म्हणाले, तिले जाऊ दे, मी शे ना. रेखा म्हणाली, बाबा, तुमले वेणी घालता येस का? ते म्हणाले, मी पोती शिवतो, वेणीत काय अवघड आहे? तेव्हा जरा हसलो सगळे. मंग मीच म्हटलं, असं कर, तू दोन-चार दिवस मामाकडे धानोऱ्याला जाऊन राहा, बघू काय होतं. गुड्डी राहिली तं तू धुळ्याला जायचं. नाही राहिली तं, तं बघू. तसं बोलली मी खरं, पण मला वाटत होतं राहणार नाही.

रेखा गेली. पहिल्या दिवशी गुड्डी दारातच बसून राहिली. मी कळण्याची भाकर केली, ज्वारी-उडदाची, ती तिला आवडते, चमच्यानं वरण भरवायला गेली, म्हटलं चमचा आहे बेटा, हात नाही. तोंड फिरवलं. मालकांनी भरवलं तं म्हणे, तुमना हात मोठा शे. तसंच पाणी पिऊन झोपली. दुसऱ्या दिवशी पथारीवर माझं मन लागेना, देठाबरोबर मिरचीच तुटत होती, निंबाबाई म्हणाली, काय करी ऱ्हायनी व, मुकादम बोलेल. मी मनात ठरवून टाकलं होतं की घरी जाते नी रेखाला फोन लावते, ये म्हणते. माझ्यानं नाही व्हायचं. नी मंग तिचं नर्सिंग गेलं, हे पण मनात येत होतं, दोन्हीकडून जीव कुरतडत होता.

घरी आली, अंगणात उभी होती, हात अंगापासून लांब धरून, जशी रोज उभी राहते. गुड्डी आतून पळत आली. ओठाला रक्त. मी घाबरली, काय झालं, कुठं पडली, कोणी मारलं? तिनं मूठ उघडली, तं मुठीत दात. पुढचा दात हलत होता तिचा, रेखा गेल्यापासून कोणाला हात लावू देत नव्हती, ताई येईल नी ताईच काढेल म्हणत होती, नी आता स्वतःच ओढून काढलेला. मी म्हटलं, थांब, मी हात धुते, पाणी देते चूळ भरायला. तं मला म्हणाली, मन्हं मन्हं मी करस, तू बस.

नी केलं हो तिनं. मी ओट्यावर बसली, तिनं तांब्यात पाणी घेतलं, चूळ भरली, थुंकली, पुन्हा भरली. मंग टोपल्यातली भाकर घेतली, वरणात चुरली नी खाल्ली, निम्मं अंगावर सांडलं. सकाळी उठून भांगही पाडला, वाकडाच, एक वेणी कानावर नी एक मानेवर, रिबीन तं काय, गाठीवर गाठ. मी म्हटलं चांगलं झालं. खरंच चांगलं दिसत होतं.

इतके दिवस मी एकच धाक घेऊन बसली होती, की ती माझ्या हाताशी येईल का नाही. नी ती कोणाच्याच हाताशी आली नाही. बरं पण वाटलं, नी कसं सांगू, पोट रिकामं झाल्यासारखं पण वाटलं.

रेखाला फोन केला, म्हटलं, पोरगी जेवली, तू धुळ्याची तयारी कर. तिनं विचारलं, कोणी भरवलं? मी म्हटलं, कोणीच नाही, तिचं तिनं खाल्लं.   मंग हळूच म्हणाली, ती मन्ही याद काढस का? मी म्हटलं, काढते, काढते ना. तं ती रडायला लागली.

आता रेखा धुळ्याला आहे. स्टँडवर गुड्डी बिलकुल रडली नाही, खिडकीतून ताईला आपला पडलेला दात दाखवत होती. रेखाच रडली, नी मालक पाठ करून उभे राहिले. आता मला रेखाचीच काळजी लागून राहते, मेसचं जेवण कसं असेल, रात्रपाळी लागली तं, सांगत नाही ती काही. गुड्डीची तं आहेच, चुलीजवळ जाऊन म्हणते मी चहा करते, मी लांबूनच ओरडते, पदर सांभाळ, अजून फ्रॉकच घालते तरी पदर सांभाळ म्हणते. शेजारीण हसते मला.

होळी झाली की पथारी उठेल, मंग माझे हात निवतील. तोवर गुड्डीला वेणी चांगली जमायला लागेल बहुतेक, रोज सरळ होत चालली आहे, मी बघते ना. जमू दे. दोघीही सुखात राहोत, एवढंच मागते मी. आणखी चहा घ्या ताई, गुड्डीनं केला आहे, साखर जास्त झाली असेल.