न पाहिलेला निकाल

ब्रिन : कागद नाही म्हणजे काय?

नोरीन : नाही म्हणजे नाही. गाडी काढ.

ब्रिन : आई, बाहेर पडताना प्रत्येकाला देतात. पडद्यावर आकडा येतो, मग खिडकीतली बाई छापून हातात ठेवते. मी काय आज जन्मले?

नोरीन : छापायचं यंत्र बिघडलं असेल त्यांचं.

ब्रिन : असेल? तो मघाशी गेलेला टोपीवाला कागद हलवत, फोनवर बोंबलत गेला. त्याच्यापुरतं दुरुस्त झालं वाटतं?

नोरीन : तुला वकिलांच्या कचेरीत चिकटवून मी चूक केली.

ब्रिन : किती पडले? पंचेचाळीस? सत्तेचाळीस? सांग ना, मी ओरडणार नाही.

नोरीन : मला माहीत नाही.

ब्रिन : असं कसं माहीत नाही?

नोरीन : शेवटी तो संगणक विचारतो ना. निकाल बघायचा, की रद्द करायचा.

ब्रिन : हो, विचारतो. त्यात काय?

नोरीन : मी रद्द दाबलं.

(एप्रिलची दुपार, तीन वाजलेत. कॉलेजच्या परीक्षा केंद्राबाहेर जुनी पिकअप उभी आहे आणि आत मायलेकी. नोरीन अठ्ठेचाळीस वर्षांची; बावीस वर्षं पाळणाघरात दोन-दोन वर्षांची पोरं सांभाळते आहे आणि एकाही पोरापुढे तिनं हात टेकलेले कुणी पाहिले नाहीत. ब्रिन तिची एकुलती एक, तेवीस वर्षांची, जिभेला हाड नसलेली. वर्गात न बसता एका विषयाची परीक्षा द्यायची, ऐंशीपैकी पन्नास गुण मिळवले की कॉलेजची तीन क्रेडिट पदरात, या सोयीवर इकडच्या कितीतरी नोकरदार बाया पदवीपर्यंत पोचतात. नोरीनला पदवीला लागणाऱ्या साठ क्रेडिटांपैकी शेवटची तीन हवी होती. विषय होता मुलांची वाढ.)

ब्रिन : तू थट्टा करते आहेस.

नोरीन : नाही.

ब्रिन : अगं, पण तो पुन्हा विचारतो. नक्की का, म्हणून. एकदा रद्द केलं की कुणालाच कधी कळणार नाही, असं स्वच्छ लिहिलेलं असतं.

नोरीन : वाचलं मी. दोन्ही वेळा हो म्हटलं.

ब्रिन : देवा! सहा महिने आई, सहा महिने! जेवणाच्या टेबलावर पुस्तकं, मला सोफ्यावर ताट घेऊन बसायची पाळी. आणि आता हाच विषय पुन्हा द्यायचा तर तीन महिने थांबायला लागतं. तीन महिने म्हणजे एक जुलै उलटून गेला.

नोरीन : मोजता येतात मला महिने.

ब्रिन : एक जुलैपासून पदवी नसलेल्या बाईला वर्गाची मुख्य बाई राहता येणार नाही. राज्याचा नियम आहे, पाळणाघरवाल्या मार्गोबाईंची लहर नाही. तुझी खोली अ‍ॅशलिनकडे जाईल. त्या अ‍ॅशलिनला लंगोट कसा बदलायचा हे तू शिकवलंस!

नोरीन : चांगली आहे पोरगी. हात हलका आहे तिचा.

ब्रिन : मी तिच्या हातांबद्दल बोलतच नाहीये! तू पाच परीक्षा पास झालीस अशाच. इतिहास दिलास, बावन्न पडले, नाचत बाहेर आलीस. बीजगणितात तर मरता मरता वाचलीस, तेव्हाही आकडा बघितलास. तेव्हा नाही भ्यायलीस?

नोरीन : बीजगणित मला येत नाही असं कुणी म्हटलं तर माझं काय जातं? येतच नाही.

ब्रिन : मग?

नोरीन : काच खाली कर जरा. गुदमरायला होतंय.

ब्रिन : केली. आता बोल.

नोरीन : पहिलाच प्रश्न पाण्याचा होता. एक उंच ग्लास, एक बसका. दोन्हींत पाणी सारखंच, पण चार वर्षांचं मूल म्हणतं उंचात जास्त आहे. याला काय म्हणतात? आता हे मी रोज बघते गं. रस वाटताना मी सगळ्यांना एकसारखे पेले देते, ते काय उगाच? उंच पेला एकाला दिला की दुसरा भोकाड पसरतो. मला फक्त त्या गोष्टीला नाव आहे हे माहीत नव्हतं.

ब्रिन : पण नाव पुस्तकात होतं. तू पाठ केलं होतंस.

नोरीन : ते आठवलं. म्हटलं, चला, बरी सुरुवात झाली. मग चावणाऱ्या मुलाचा प्रश्न आला.

ब्रिन : काय होता?

नोरीन : दोन वर्षांचं मूल दुसऱ्याला चावतं. सांभाळणारीनं आधी काय करावं? चार उत्तरं. ज्याला चावलं त्याला जवळ घ्यावं, चावणाऱ्याला दूर बसवावं, समजावून सांगावं, आणि चौथं काहीतरी. मी आपली बघत बसले. डोळ्यांपुढे विनी आली. गेल्या वर्षी तीन आठवडे ती रोज कुणाला तरी चावत होती. मी तिला दूरही बसवलं नाही आणि समजावलंही नाही. मी नुसती तिच्या शेजारी जाऊन बसायची, दहा वाजता, कारण ती दहालाच चावायची. भूक लागायची तिला. खाऊ अर्धा तास अलीकडे आणला, चावणं बंद.

ब्रिन : ते उत्तर चारांत नव्हतं.

नोरीन : नव्हतं. मग मला कळेना की मी कुणाचं उत्तर द्यायचं. पुस्तकाचं, की माझं? एका प्रश्नाला पुस्तकाचं दिलं, पुढच्याला माझं. मागे जाऊन बदललं. पुन्हा बदललं. नव्वद प्रश्न, नव्वद मिनिटं. एकेका प्रश्नाला दोन-दोन उत्तरं येत होती, आणि बाकीची पोरं खाडखाड बटणं दाबत होती.

ब्रिन : कारण त्यांना एकच येत होतं.

नोरीन : आणि मग तो पडदा आला. निकाल बघायचा की रद्द करायचा. ब्रिन, समज तिथे सेहेचाळीस आलं असतं. म्हणजे यंत्रानं सांगितलं असतं, बाई, तुला मुलांमधलं काही कळत नाही. बावीस वर्षांनंतर. सोमवारी सकाळी सातला कुणीतरी आपलं मूल माझ्या हातात देणार आणि विचारणार, नोरीन, हिला बरं नाहीये का, बघ ना जरा. काय तोंडानं बघू मी?

ब्रिन : आई...

नोरीन : भीती वाटली मला. झालं का समाधान?

ब्रिन : फोन वाजतोय तुझा.

नोरीन : वाजू दे.

ब्रिन : मार्गोबाई आहेत. उचलला नाहीस तर इथे येऊन उभ्या राहतील. स्पीकरवर घालते.

मार्गो : नोरीन? झाली परीक्षा? कशी गेली?

नोरीन : झाली.

मार्गो : बरं का, घाई करत नाही मी, पण शुक्रवारी मला मुख्य बायांची यादी राज्याकडे पाठवायची आहे. दोन वर्षांच्या पोरांच्या खोलीपुढे कुणाचं नाव घालू, तुझं की अ‍ॅशलिनचं? इकडे सगळ्या विचारून भंडावून सोडतायत मला.

नोरीन : निकाल... अजून यायचाय गं. सांगते मी.

मार्गो : अजून? बरं. तुझ्यासाठी डबाभर लेमन बारच्या वड्या ठेवल्यात फ्रिजमध्ये, कुणाला हात लावू देत नाहीये. कळव हं.

ब्रिन : यायचाय! कुठून यायचाय? स्वर्गातून?

नोरीन : तिच्यापुढे मला तोंड उघडवेना.

ब्रिन : थांब जरा. तुझी ती यादी कुठेय, कॉलेजची, काय काय बाकी आहे ती?

नोरीन : पिशवीत. कशाला?

ब्रिन : दे इकडे. जुन्या कॉलेजातून आलेली एकवीस. त्यांनी टायपिंग नाही धरलं, बाकी सगळं धरलं. परीक्षांची पंधरा. संध्याकाळच्या वर्गांची एकवीस. राहिलेली तीन... आई, इथे 'मुलांची वाढ' असं लिहिलेलंच नाहीये.

नोरीन : नाहीये कसं?

ब्रिन : सामाजिक शास्त्रांपैकी कोणताही एक विषय. कोणताही! मुलांचा तुला कुणी सुचवला?

नोरीन : कॉलेजातल्या सल्लागार बाईंनी. म्हणाल्या, तुमच्यासाठी हा म्हणजे डाव्या हातचा मळ.

ब्रिन : हातचा मळ! तीन महिन्यांचा नियम त्याच विषयाला आहे, दुसऱ्याला नाही. दुसरा विषय तू मे महिन्यात देऊ शकतेस. समाजशास्त्र... नको, त्यात कुटुंब आलं, तू पुन्हा भांडशील. अर्थशास्त्र.

नोरीन : अर्थशास्त्र? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

ब्रिन : तेच तर हवंय! बँका, व्याजदर, महागाई. तुझं स्वतःचं काहीही मत नाही. पुस्तक सांगेल ते उत्तर, आणि तू दुसरीकडे कुठे बघणारच नाहीस.

नोरीन : महागाईबद्दल आहे मला मत.

ब्रिन : ते घरी ठेवून जायचं. पाच आठवडे आहेत. मी शिकवते.

नोरीन : तू शिकवणार! तुझा तो एकसष्टचा कागद सहा महिने फ्रिजवर होता. मीच लावला होता. दूध काढायला जावं तर समोर एकसष्ट.

ब्रिन : त्याचं काय आता मधेच?

नोरीन : हाच विषय होता ना? एकोणीस वर्षांची होतीस, दोन संध्याकाळी वाचलंस आणि उडवलंस. जन्मात एका पोराचं नाक पुसलं नाहीस. मला अभिमान वाटला गं, खोटं नाही सांगत. आणि आज त्या पडद्यापुढे बसल्यावर तेच एकसष्ट डोळ्यांपुढे आलं. म्हटलं, माझे एकोणपन्नास आले तर घरात तोंड कसं दाखवायचं?

ब्रिन : म्हणजे तू माझ्यामुळे रद्द केलंस?

नोरीन : तसं नाही म्हणत मी.

ब्रिन : तसंच म्हणते आहेस.

नोरीन : बरं, थोडं तसंही आहे.

ब्रिन : मी दोन संध्याकाळी वाचलं नव्हतं, आई. एकच. दुसऱ्या संध्याकाळी मी तेव्हाच्या मित्राबरोबर, जॅरेडबरोबर, बोलिंग खेळायला गेले होते.

नोरीन : आत्ता सांगतेस?

ब्रिन : पुस्तक अर्धंसुद्धा झालं नव्हतं. जिथे आठवेना तिथे मी डोळे मिटायची आणि विचार करायची, आई काय करेल? मी वाढले ना त्या खोलीत. शाळा सुटल्यावर रोज तिथेच पडलेली असायची. तू रडणाऱ्या बाळाला कसं उचलतेस, कुणाला उचलत नाहीस, सगळं बघितलंय. तू काय करशील, त्याच्या जवळपासचं जे असेल ते दाबायची.

नोरीन : सगळे नव्वद?

ब्रिन : निम्मे असतील.

नोरीन : आणि त्यातले किती बरोबर आले?

ब्रिन : ते कळत नाही. ते नुसता आकडा देतात. कदाचित तुझे सगळे बरोबर असतील आणि माझे चुकले असतील. कदाचित उलटं.

नोरीन : चार वर्षं बोलली नाहीस.

ब्रिन : सांगितलं असतं तर अभ्यास न करता बोलिंगला गेले हेही सांगावं लागलं असतं. आणि तो कागद तू इतक्या कौतुकानं लावला होतास की... जाऊ दे. रडू नकोस ना.

नोरीन : रडत नाहीये. रागावले आहे.

ब्रिन : माझ्यावर?

नोरीन : माझ्यावर गं. कदाचित पास झाले असते मी आज. आणि स्वतःच्याच हातानं पुसून टाकलं. रुमाल दे, आणि मार्गोला फोन लाव.

ब्रिन : आत्ता? काय सांगणार?

नोरीन : लाव म्हटलं ना.

मार्गो : हं, बोल नोरीन. आला का?

नोरीन : येणार नाही. मघाशी मी तुझ्याशी खोटं बोलले. मी तो रद्द केला, बघायच्या आधीच. घाबरले म्हणून.

मार्गो : तू? घाबरलीस?

नोरीन : हसू नकोस.

मार्गो : हसत नाही गं. मी स्वतः ती परीक्षा दिली तेव्हा आधी दोनदा पार्किंगमधून परत गेले होते. कुणाला सांगितलं नव्हतं, आज तुला सांगते. मग, आता?

नोरीन : मेमध्ये दुसरा विषय देते. अर्थशास्त्र. पास झाले तर जूनच्या शेवटी पदवी हातात.

मार्गो : फॉर्मवर 'पदवी अपेक्षित' असा रकाना आहे. तारीख घालून तुझं नाव लिहिते. पण स्पष्ट सांगते, कागद वेळेवर आला नाही तर एक जुलैला खोली अ‍ॅशलिनची आणि तू तिच्या हाताखाली. मला दुसरं काही करता येणार नाही.

नोरीन : चालेल. पगार कमी, पोरं तीच.

मार्गो : चालेल म्हणतेस, पण तुला चालणार नाही.

नोरीन : नाही चालणार. म्हणून तर अभ्यास करते. ठेवते.

ब्रिन : काढू गाडी?

नोरीन : काढ. वाटेत ग्रंथालयापाशी थांब, ते अर्थशास्त्राचं पुस्तक असेल तर घेऊ. आणि ब्रिन, ऑगस्टमध्ये माझं नाव पुन्हा घाल.

ब्रिन : कुठे?

नोरीन : मुलांच्या परीक्षेला.

ब्रिन : अगं, तोवर पदवी झालेली असेल! क्रेडिटचा काही उपयोग नाही. कॉलेज विचारणारसुद्धा नाही.

नोरीन : कॉलेजला कोण पाठवतंय? मला आकडा बघायचाय.

ब्रिन : आणि पन्नासच्या खाली आला तर?

नोरीन : तर तेवढं येत नाही म्हणायचं. बाकीचं येतंच की.